सेमॅक्स विरुद्ध सेलँक : एका तक्त्याचं वाचन

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाचा बोरिवलीहून माझ्याकडे मुलुंडला आला. सॅकमधून त्याने स्टीलचा डबा काढला. डब्यात बर्फाची पिशवी आणि पिशवीत गुंडाळलेल्या दोन काचेच्या व्हायल, प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. सोबत घडी घातलेला ए-फोर कागद होता. त्यावर एक तक्ता : डावीकडे सेमॅक्स, उजवीकडे सेलँक, मध्ये उभी रेघ.

‘‘मावशी, तू यातलीच ना? सांग, कुठलं घेऊ?’’

सीएची शेवटची परीक्षा त्याची दोनदा हुकली आहे. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा पुस्तकापुढे बसलं की छाती धडधडते, हे त्याने त्याच्या आईला सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही या तक्त्याच्या निमित्ताने. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी तो वाचला. पहिल्यांदा मावशी म्हणून, मग दुसऱ्यांदा, सवयीने, संपादक म्हणून.

‘यातली’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर मी अकरा वर्षं अंधेरी एमआयडीसीतल्या एका रसायन-व्यापारी कंपनीत कॅटलॉग लिहीत होते. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला. कंपनी प्रयोगशाळांना लागणारी रसायनं बाहेरून मागवून विकायची, त्यात कृत्रिम पेप्टाइडंही असत. पेप्टाइडाच्या नावापुढे चार ओळी आणि जमल्यास शेजारच्या मालाशी तुलना, हे माझं काम. असे किती तक्ते लिहिले त्याची मोजदाद नाही. भाच्याच्या हातातला तक्ता मी लिहिलेला नव्हता, पण त्याची घडण इतकी ओळखीची होती की क्षणभर स्वतःचंच अक्षर बघितल्यासारखं झालं.

साहित्याच्या पानावर हे कशाला, असं कोणाला वाटेल. पण तक्ता हा लिहिलेला मजकूर असतो. त्याला निवेदक असतो, तो लपलेला असतो एवढंच. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे त्यानेच ठरवलेलं असतं. कथेकडे आपण ज्या संशयाने बघतो त्याच्या दशांशानेही तक्त्याकडे बघत नाही, कारण चौकटीत बसलेला शब्द आपल्याला मोजून आणलेला वाटतो.

पहिला रकाना ‘मूळ’. त्यात दोन्हीकडे सात-सात अमिनो आम्लांची माळ दिली आहे. सेमॅक्स : मेथिओनिन, ग्लुटामिक आम्ल, हिस्टिडिन, फेनिलअ‍ॅलनिन, प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन. सेलँक : थ्रिओनिन, लायसिन, प्रोलिन, आर्जिनिन, प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन. शेवटचे तीन मणी सारखेच. तक्ता या सारखेपणावरच उभा आहे. सात अक्षरांचे दोन शब्द, शेवट एक, म्हणजे ही एकाच घरातली भावंडं, आणि भावंडांत थोरला कोण हा प्रश्न ओघानेच आला.

प्रत्यक्षात दोघांची घरं वेगळी आहेत. सेमॅक्सचे पहिले चार मणी एसीटीएच या 39 अमिनो आम्लांच्या हॉर्मोनमधून उचललेले आहेत. हे हॉर्मोन पिट्यूटरीतून निघतं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीला कामाला लावतं. उट्रेख्टचे डेव्हिड डी वीड यांनी 1960च्या दशकात दाखवलं की त्याचा चौथ्यापासून दहाव्या मण्यापर्यंतचा तुकडा अ‍ॅड्रिनलला जवळपास हात न लावता उंदरांच्या शिकण्यावर परिणाम करतो. त्यातले चार मणी मॉस्कोत घेतले गेले आणि पुढे प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन ही शेपटी जोडली गेली. सेलँकचे पहिले चार मणी म्हणजे टफ्टसिन. ते पिट्यूटरीतलं नाही, मेंदूतलंही नाही. ते आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडाचा एक तुकडा आहे, 1970च्या सुमाराला बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात व्हिक्टर नज्जर यांना सापडलेला. पांढऱ्या पेशींना जंतू गिळायला उद्युक्त करणं हे त्याचं काम. त्यालाही मॉस्कोच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॉलिक्युलर जेनेटिक्समध्ये तीच शेपटी लागली.

शेपटी का? नुसते चार मणी शरीरातली एंझाइमं बघता बघता तोडून टाकतात, प्रोलिन असलेलं टोक तोडणं त्यांना जड जातं. म्हणजे शेपटी हा प्रत्यय आहे. ‘घरापासून’ आणि ‘ज्वरापासून’ यांचा शेवट एक आहे म्हणून कोणी घर आणि ज्वर यांची तुलना करत नाही. तक्त्याने नेमकं तेच केलं आहे. त्यातही गंमत अशी की हा प्रत्यय पूर्ण निरर्थक नाही. रशियन गटांनी ही तीन मण्यांची शेपटी एकटी घेऊनही उंदरांवर प्रयोग केले. मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांत काही जनुकांच्या कामावर तिचाही स्वतंत्र परिणाम दिसला. म्हणजे दोघांत जे सारखं दिसतं त्यातलं काही निव्वळ शेपटीचं असू शकतं. अशा तुलनेत शेपटीला तिसरा स्तंभ हवा. तो इथे नाही. मी लिहिलेल्या कुठल्याही तक्त्यात असा स्तंभ नव्हता.

दुसरा रकाना ‘परिणाम’. डावीकडे ‘एकाग्रता, स्मरण’, उजवीकडे ‘शांतता, चिंतामुक्ती’. भाच्याने उजव्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण केली होती.

‘शांतता’ या शब्दामागे मुख्यतः 2008चा एक अभ्यास आहे. चिंताविकार आणि न्यूरॅस्थेनिया असलेले 62 रुग्ण, त्यांतल्या 30 जणांना सेलँक आणि 32 जणांना मेडाझेपाम ही जुन्या धाटणीची गोळी. दोन्हींनी चिंता सारखीच उतरली असा निष्कर्ष, शिवाय सेलँकने थकवाही कमी झाला. निरुपयोगी थेंब दिलेला तिसरा गट नव्हता. म्हणजे सेलँकला तोललं गेलं ते मेडाझेपामशी, सेमॅक्सशी नाही. उलट ‘एकाग्रता, स्मरण’मागे मोठा वाटा उंदरांचा आहे. विजेचा धक्का टाळायला शिकणारे उंदीर, नाकात टाकलेले थेंब, नंतर कापून तपासलेला हिप्पोकॅम्पस. एक शब्द दवाखान्यातल्या माणसाचा, दुसरा पिंजऱ्यातल्या उंदराचा, आणि तक्त्यात दोघं एकाच टाइपात शेजारी बसले आहेत.

मराठीत ‘तुलना’ या शब्दाच्या पोटातच तुला आहे, तराजू. दोन पारडी एकाच दांडीला टांगलेली असली तरच वजन कळतं. इथे एक पारडं मॉस्कोच्या दवाखान्यात टांगलंय, दुसरं प्राणिगृहात, आणि दांडी म्हणून कागदावरची उभी रेघ.

तिसरा रकाना ‘बीडीएनएफ’. दोन्हीकडे वर जाणारा बाण. मेंदूतल्या पेशी जगवणारं आणि त्यांच्या जोडण्या घट्ट करणारं हे प्रथिन हल्ली स्वमदतीच्या पुस्तकांतही भेटतं. सेमॅक्सच्या बाणामागचा अभ्यास 2006चा आहे आणि तो नीट केलेला आहे : शरीराच्या दर किलोमागे 50 मायक्रोग्रॅमचा एकच डोस उंदराच्या नाकात, त्यानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ 1.4 पट. 1.4 पट ही प्रामाणिक संख्या आहे. बाण झाला की ती प्रामाणिक राहत नाही, कारण बाणाला लांबी नसते आणि उंदीरही नसतो. उंदराच्या नाकातला सुमारे निम्मा पृष्ठभाग वास घेणाऱ्या पटलाने व्यापलेला असतो, माणसाच्या नाकात तो दहा टक्क्यांहून कमी. नाकातून मेंदूकडे जाणारी वाट त्याच पटलातून जाते असं मानतात, म्हणजे उंदराला ती हमरस्ता आहे आणि आपल्याला गल्ली. ‘नाकावाटे, थेट मेंदूत’ अशी एक ओळ तक्त्याच्या खाली ठळक छापली आहे. ‘थेट’ हा शब्द मीही वापरत असे. छान बसतो.

या दोघांची सरळ तुलना कोणी केलीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. 2001मध्ये एका रशियन गटाने माणसाच्या रक्तद्रवात दोन्ही मिसळून बघितली. शरीराची स्वतःची वेदनाशामकं म्हणजे एन्केफॅलिनं, ती तोडणाऱ्या एंझाइमांना हे दोघं किती अडवतात हे मोजलं. निम्मं काम थांबवायला सेमॅक्स 10 मायक्रोमोलर लागलं, सेलँक 20. एकच द्रव, एकच मोजमाप, तराजूची दांडी खरी. भाच्याच्या तक्त्यात हेच ‘क्षमता : सेमॅक्स दुप्पट’ असं आलंय. कशाची क्षमता, ते गळून गेलंय. 2020मध्ये आणखी एक अभ्यास आला : 52 निरोगी माणसं, सेमॅक्स, सेलँक किंवा निरुपयोगी थेंब, आणि विश्रांत अवस्थेतल्या मेंदूचं एमआरआय. अमिग्डलाच्या जोडण्यांत फरक दिसला. हे काम मला मनापासून आवडलं, त्यात तिसरा स्तंभ आहे म्हणून. पण त्यात कोणी ऑडिटचा पेपर सोडवला नाही. अमिग्डलाचा दुसऱ्या भागाशी मेळ बदलला याचा अर्थ छातीतली धडधड थांबली असा लावायला मधल्या कितीतरी पायऱ्या अजून कोणी चढलेल्या नाहीत.

चांगली तुलना कशी दिसते हे भाच्याला दाखवायचं होतं म्हणून मी त्याला मॉस्कोला नेलं नाही, नागपूरला नेलं. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पेप्टाइडांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा 2005चा, ‘ब्रेन रिसर्च’मधला एक निबंध मी कॅटलॉगच्या काळात संदर्भ शोधताना वाचला होता आणि त्यातलं फक्त एक वाक्य उचललं होतं. या वेळी तो पुन्हा, सावकाश वाचला.

प्रश्न दोन पेप्टाइडांचा आहे : न्यूरोपेप्टाइड वाय आणि अल्फा-एमएसएच. जागा एकच, अमिग्डला, दोन्ही बाजूंना सुई नेऊन. मोजमापही एकच : उंचावर ठेवलेला, अधिकच्या चिन्हासारखा मार्ग, ज्याचे दोन हात भिंतींचे आणि दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो. भीती कमी असेल तर उघड्या हातांवर जाऊन येतो. न्यूरोपेप्टाइड वाय दिलं की उंदीर उघड्यावर जास्त वेळ काढतो, अल्फा-एमएसएच दिलं की आक्रसतो. इथे थांबले असते तर त्यांचाही तक्ता झाला असता. ते थांबले नाहीत. आधी न्यूरोपेप्टाइड वाय देऊन मग अल्फा-एमएसएच दिलं, तर भीती उतरली. न्यूरोपेप्टाइड वायचा ग्राहक बंद करणारं रसायन आधी दिलं, तर भीती वाढली. म्हणजे ‘यातलं कुठलं भारी’ हा त्यांचा प्रश्नच नव्हता. एकाच खोलीत ही दोघं एकमेकांशी काय बोलतात, हा होता. उभी रेघ त्यांनी पुसली आणि रेघेच्या जागी काय आहे ते बघितलं.

यात आपल्या तक्त्याला झोंबणारी एक गोष्ट आहे. अल्फा-एमएसएच म्हणजे एसीटीएचचेच पहिले तेरा मणी, टोकांना थोडा रासायनिक बदल केलेले. सेमॅक्स ज्या तुकड्यावरून बनलं तो सबंध तुकडा त्यात आहे, आणि नागपूरच्या उंदरांना त्याने घाबरवलं! नात्यावरूनच गुण ठरवायचे तर सेमॅक्सच्या नावापुढे ‘भीती’ लिहावं लागेल. तसं लिहिणंही चूकच, कारण अल्फा-एमएसएच ज्या ग्राहकाला धरतं त्या पकडीसाठी हिस्टिडिन-फेनिलअ‍ॅलनिन-आर्जिनिन-ट्रिप्टोफॅन हे चार मणी सलग लागतात आणि सेमॅक्समध्ये त्यांतले पहिले दोनच उरलेत. अक्षरांवरून नातं जुळवणारा तक्ता इथे कुठल्याही बाजूने वाचला तरी फसतो.

आता ज्या रकान्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ अडकले तो. ‘प्रमाण : 5 मिग्रॅ / 5 मिग्रॅ. शुद्धता : 98 टक्के / 98 टक्के.’ निर्विवाद वाटतो. प्रत्येक व्हायलच्या लेबलवरही हेच.

पेप्टाइड कारखान्यात कसं बनतं हे थोडं सांगते. 1963मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी पद्धत दिली : पहिला मणी रेझिनच्या बारीक दाण्याला बांधायचा, एकेक मणी ओवत जायचं, शेवटी माळ तोडून घ्यायची. त्याआधीच्या काळाची कल्पना यावी म्हणून : गिमां आणि शॅली यांच्या गटांना तीन मण्यांचं एक हॉर्मोन ओळखायला मेंढ्या-डुकरांचे लाखो मेंदू वाटावे लागले होते. मेरिफिल्डनंतर हे काम यंत्राचं झालं. माळ तोडायला आणि गाळून शुद्ध करायला बहुधा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरतात, धंद्यात त्याला टीएफए म्हणतात. हे आम्ल पेप्टाइडाच्या प्रत्येक धनभारित जागेला चिकटून राहतं आणि भुकटीबरोबर सुकतं. म्हणजे व्हायलमधले 5 मिलिग्रॅम हे पेप्टाइड अधिक हे मीठ. शुद्धतेचे 98 टक्के हे मीठ बघतच नाहीत. एचपीएलसी सांगतं ते एवढंच, की जे पेप्टाइड आहे त्यात दुसरं पेप्टाइड किती मिसळलंय.

मी जुनी वही काढून भाच्यासमोर हिशेब मांडला. सेमॅक्सचं रेणुवजन सुमारे 814, सेलँकचं 752. भुकटी निव्वळ पेप्टाइड असेल तर 5 मिलिग्रॅममध्ये सेमॅक्स 6.1 मायक्रोमोल आणि सेलँक 6.6. सेलँकचे रेणू जास्त. आता दोन्ही पूर्ण टीएफए मीठ आहेत असं धरा. टीएफएचं रेणुवजन 114. सेमॅक्सवर धनभाराच्या जागा दोन : माळेचं पुढचं टोक आणि हिस्टिडिन. सेलँकवर तीन : टोक, लायसिन आणि आर्जिनिन. मग सेमॅक्स 4.8 मायक्रोमोल आणि सेलँक 4.6. पारडं फिरलं. तेच लेबल, तेच 5, तेच 98, आणि जास्त कोण याचं उत्तर उलटं. व्हायलमध्ये कुठलं मीठ आहे हे लेबलवर लिहिलेलं नाही. वर सेमॅक्सच्या माळेत पुढे मेथिओनिन आहे, ज्याचं गंधक हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू गंजतं. सेलँकमध्ये मेथिओनिन नाही. बोरिवलीहून दादरला गाडी बदलत मुलुंडला, बर्फाच्या वितळत्या पिशवीत आलेल्या या दोन भुकट्या आता एकसारख्या जुन्या झालेल्या नाहीत.

मग मला आयआयटीतल्या एका संशोधकाचं काम आठवलं, मुलुंडच्या वाटेवर पवईलाच आहे म्हणूनही असेल. समीर माजी प्रथम लेखक असलेला 2009चा एक निबंध ‘सायन्स’मध्ये आला होता. माजी नंतर पवईच्या आयआयटीत आले. पिट्यूटरी ग्रंथी कितीतरी पेप्टाइड हॉर्मोन सुटी ठेवत नाही, ती एकमेकांना घट्ट चिकटवून, अ‍ॅमिलॉइडच्या तंतूंत रचून साठवते आणि लागेल तेव्हा मोकळी करते, असं त्यात दाखवलं आहे. अल्झायमरमुळे बदनाम झालेली हीच रचना इथे कोठाराचं काम करते. माळेतले मणी तेच, पण किती दाटीत, कोणाच्या संगतीत आणि कुठल्या आकारात, यावर ती हॉर्मोन आहे की गाळ हे ठरतं. मण्यांचा क्रम छापून ‘मूळ’ सांगितलं असं समजणारा रकाना मला त्या दिवशी फार पोरकट वाटला.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ती नेहमीची ओळ : केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं आहे, इंग्रजीत आणि मराठीतही. त्यात क्रियापद नाही आणि कर्ताही नाही. कोणी कोणाला सांगतंय ते कळत नाही. संशोधकाला ते सांगण्याची गरजच नसते. आणि जो माणूस संशोधक नाही त्याच्यासाठी ते वाक्य असेल, तर त्याच कागदावर वर ‘एकाग्रता’, ‘चिंतामुक्ती’ आणि ‘थेट मेंदूत’ हे शब्द कोणासाठी आहेत? उंदराला परीक्षेची चिंता नसते. वरचा मजकूर बोरिवलीच्या फ्लॅटमधल्या मुलाशी बोलतो आणि खालची ओळ वकिलाशी. रशियात दोन्ही नाकात घालायची औषधं म्हणून नोंदलेली आहेत हे खरं, पण तिथे ती तयार बाटल्यांत असतात. या व्हायलमधली भुकटी त्या बाटलीची नातेवाईक असेलही, पण ती बाटली नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने दोन्हीपैकी कशालाही औषध म्हणून मान्यता दिलेली नाही.

भाचा हे सगळं ऐकत होता, मध्ये मध्ये फोन बघत. शेवटी म्हणाला, ‘‘मावशी, एवढं सगळं खरं. पण घेऊ की नको?’’

नको, म्हटलं. दोन्ही नको. झोप येत नाही आणि छाती धडधडते यासाठी डॉक्टर असतात, मी तुझ्याबरोबर येते, ताईला तू सांग नाहीतर मी सांगते. त्यावर त्याने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. डबा बंद केला, पुन्हा उघडला, आणि व्हायल टेबलावर ठेवल्या. सात हजारांना पडल्या होत्या म्हणाला, दोन महिन्यांच्या क्लासच्या पैशांतून वाचवलेले.

मग माझी जुनी वही त्याने स्वतःकडे ओढली, मिठाचा हिशेब पुन्हा एकदा बघितला. हिशेब त्याला कळतात, त्याचा विषयच तो.

‘‘तू लिहायचीस त्यात हा मिठाचा रकाना असायचा?’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

जागा नसायची, असं मी म्हणणार होते. जागा भरपूर असायची.